साडू हलला नाही

नाही, पण उभं राहणं ही काय कला आहे का हो? मला सांगा! तुम्ही उभे राहता, मी उभा राहतो, आमच्या देवबागच्या थांब्यावर सकाळच्या एसटीसाठी अर्धा गाव उभा राहतो, त्यांची कुणी कधी आरती ओवाळलीय? कॅमेरा माझा, ट्रायपॉड माझा, लॅपटॉपसमोर बसून डोळ्यांची वाट लावून घेतली ती मी, एकाच्या जागी तीन-तीन फोटो काढले ते मी... आणि रस्त्यात भेटेल तो विचारतो काय? 'हरी, तुझो साडू कसो आसा रे? काय उभो रवलो तो! वा!' अरे, उभाच राहिला ना? शीर्षासन तर नाही ना केलं? आता तुम्ही म्हणाल, हा जळतो. जळत नाही मी. नुसतं विचारतो.

तुम्हाला सांगतो, मी हरिश्चंद्र चोपडेकर, मालवणला ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. सव्वीस वर्षं परीक्षानळ्या धुतोय, एक फुटलेली दाखवा. म्हणजे माणूस कसा, पद्धतशीर. आणि साडू म्हणजे जितेंद्र, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोडामार्गचा. सकाळी मोटरसायकलला किक मारून गोव्यात कामाला जातो, संध्याकाळी परत येतो, आणि वर घरची बागायत... काजू आहे, केळी आहे, आणि आता तर रबर लावलंय. रबर! मला सांगा, बसून खाण्यासारखं आहे का ते? पण सासरी त्याचं कोण कौतुक! 'आमच्या जितेंद्राचा रबर!' तो सासरी जातो तेव्हा केळीचा घड घेऊन जातो, काजू घेऊन जातो. मी काय नेणार? आमच्या देवबागला एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळू. वाळू नेऊ पिशवीत घालून? थोरला जावई मी! लग्न आधी माझं झालं! पण ताटातली पहिली तळलेली तुकडी कुणाच्या पानात? जाऊ दे. जळत नाही मी, नुसतं विचारतो.

तर एवढ्या सगळ्यात माझं स्वतःचं असं एकच होतं... फोटोग्राफी. चार वर्षांपूर्वी कुडाळच्या एका स्टुडिओवाल्याचा जुना कॅमेरा घेतला, ट्रायपॉड घेतला, आणि व्हिडिओ बघून बघून शिकलो ती एचडीआर नावाची गोष्ट. थांबा, घाबरू नका, दोन मिनिटांत सांगतो, आमच्या शिपायालासुद्धा कळलीय. असं बघा, संध्याकाळी तुम्ही किनाऱ्यावर उभे आहात, समोर सूर्य बुडतोय. तुमच्या डोळ्यांना आकाशही दिसतं आणि माडाखाली बसलेली म्हातारीही दिसते. कॅमेऱ्याला नाही जमत! त्याला एका वेळी एकच सांभाळता येतं. आकाश नीट घेतलं तर म्हातारी काळी ठिक्कर, म्हातारी नीट घेतली तर आकाश पांढरं फटक. मग करायचं काय? कॅमेरा ट्रायपॉडवर गच्च बसवायचा आणि तेच दृश्य तीन वेळा घ्यायचं. एक अंधारा, एक मधला, एक भगभगीत. याला म्हणतात ब्रॅकेटिंग. मग लॅपटॉपवर तिन्ही एकमेकांवर चढवायचे... अंधाऱ्यातलं आकाश, मधल्यातलं पाणी, भगभगीतातली म्हातारी, सगळं घेऊन एक फोटो! आहे की नाही? अट एकच. तिन्ही फोटो होईपर्यंत समोर कुणी हलायचं नाही.

आता मला सांगा, आमच्या सिंधुदुर्गात न हलणारं काय आहे? माड हलतो, लाट हलते, होडी हलते. तुळशीवृंदावनाचा काढायला गेलो, तर मधून कोंबडी गेली. झाला फोटो... वृंदावन एक आणि कोंबड्या तीन, तिन्ही अर्धवट, पलीकडची भिंत दिसतेय त्यांच्यातून. बायको, किशोरी म्हणून, ती म्हणते, 'अवो, ही कोंबडी मरान भूत झाली काय?' तिला मी समजावलं, अगं याला घोस्टिंग म्हणतात, घोस्ट म्हणजे भूतच, पण शास्त्रीय. ती म्हणाली, 'शास्त्रीय आसा तर भायर ठेवा, घरात नको.'

आणि सासूबाईंचा फोटो... नाही, तो विषय नको. बरं, सांगतोच. राधाबाई, आमच्या सासूबाई, पंचाहत्तरीच्या. त्यांना खुर्चीत बसवून, हनुवटी काठीवर टेकवून, श्वास धरायला लावून मी तीन फोटो काढले आणि असा काही एचडीआर केला म्हणता! एकेक सुरकुती मोजून घ्या. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, आणि म्हणाल्या, 'जावयबापू, ह्यो माझो फोटो की आमच्या मागल्या सड्याचो?' सडा म्हणजे आमचा तो कातळाचा माळ, उन्हाळ्यात भेगाळलेला. मग गणपतीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि त्याच दिवशी, त्याच खुर्चीत, साडूने खिशातून मोबाइल काढला, 'आये, हांस मगे,' म्हणाला आणि टक्! एकदाच! ना ट्रायपॉड, ना काय! सासूबाई पन्नाशीच्या दिसायला लागल्या. तो फोटो आज त्यांच्या पडवीत चौकट करून लावलाय. आणि माझा? माझा तांदळाच्या पिंपावर आहे, झाकण म्हणून. बरोब्बर मापाचा निघाला म्हणे! जळत नाही मी हो. नुसतं विचारतो, की मोबाइलला अक्कल जास्त का माणसाला?

तर हे असं चाललं होतं आणि एक दिवस परशुराम तांडेल घरी आले. तांडेल म्हणजे आमच्या वाडीच्या रापणीचे म्होरके. रापण तुम्हाला माहीत असेल... होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर, आणि माणसं दोन्हीकडून ते ओढत ओढत जाळं वाळूत आणतात. आणि रिवाज असा की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो वाडीतला असो, परका असो, नुसता बघायला आलेला पाहुणा असो... हात लावलास? ने चार बांगडे. तर तांडेल म्हणाले, 'हरी, आमच्या रापण संघाक पन्नास वर्सां झाली. शेडीत एक मोठो फोटो लावचो आसा, रापण ओढतानाचो, सांजवेळचो. तुझ्याशिवाय काढतलो कोण?'

तुझ्याशिवाय काढतलो कोण! सव्वीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं! चार फूट बाय सहा फूट, संघाच्या शेडमध्ये, सगळा गाव बघणार, आणि खाली नाव, छायाचित्र : हरिश्चंद्र चोपडेकर. आणि तुम्हाला सांगतो, आतून किशोरी बाहेर आली, हात पुसत पुसत, आणि म्हणाली, 'खराच फोटो लागतलो? तर मगे मी आयेक घेवन येतंय, प्राजक्ताक घेवन येतंय, सगळ्यांका दाखयतंय... ह्यो माझ्या घोवान काढल्यान म्हणान.' प्राजक्ता म्हणजे तिची बहीण, साडूची बायको. कळलं ना तुम्हाला मला काय हवं होतं ते? मला बक्षीस नको होतं, शाल-नारळ नको होता. माझ्या सासूने, मेव्हणीने आणि साडूने त्या फोटोसमोर उभं राहून मान वर करून बघावं आणि माझ्या बायकोने 'ह्यांनी काढल्यानी' म्हणावं, बस. आयुष्यात एकदा.

रविवार ठरला. आणि रविवारी दुपारी दारात मोटरसायकल कुणाची? हो! घड घेऊन! 'हरीदादा, आयलंय सहज. काय म्हणता तुमचा फोटोग्राफी?' सहज! ऐंशी किलोमीटर सहज! किशोरी लगेच, 'अवो, भावोजींकाव न्या रापणीर, तेंका बघूक गावतला.' नेलं. काय करणार? ट्रायपॉड मी खांद्यावर घेतला, तो मागून केळं खात.

आता ती संध्याकाळ... काय सांगू! समुद्रावर हे एवढं तांबडं आभाळ, सूर्य हातभर वर, आणि समोर एका ओळीत एकवीस माणसं दोर ओढतायत, वाकून, टाचा वाळूत रुतवून. असं दृश्य पुन्हा मिळायचं नाही. पण माणसं पाठमोऱ्या उजेडात, काळी! म्हणजे ब्रॅकेटिंगच पाहिजे. म्हणजे कुणी हलता कामा नये. बरं, तुमच्यात कुणी जाणकार असेल तर म्हणेल, कॅमेऱ्यात ते आपोआप होतं, तीन फोटो झटकन. होतं हो! माहीत आहे मला! पण माझा कॅमेरा सेकंडहॅन्ड, त्याचं ते आपोआपचं बटण आधीच्या मालकाबरोबर गेलं. मला हाताने करावं लागतं. एक फोटो, मग चाक फिरवा, हात लागल्याने कॅमेरा हलतो म्हणून दोन सेकंद थांबा, मग दुसरा... तिन्ही मिळून दहा सेकंद धरा.

मी तांडेलांकडे गेलो. म्हटलं, आबा, माणसांना दहा सेकंद स्तब्ध उभं करा. तांडेल माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी समुद्रालाच थांबवायला सांगितलंय. 'मेल्या, दोर थांबलो तर जाळा सैल पडतला. मासो तळात्सून जातलो!' मी म्हटलं, आबा, मासे उद्या पण येतील. फोटो पुढची पन्नास वर्षं राहणार आहे. आता हे मी का बोललो? मला सांगा, समुद्राकाठी जन्मलेला माणूस असं बोलतो का? पण बोललो. आणि तांडेलांना ती पन्नास वर्षं कुठेतरी लागली असणार. त्यांनी हात वर केला आणि ओरडले, 'धा मोजीसर कोणी हलू नकात रे!'

आणि याच वेळी... लक्ष द्या... साडू माझ्या शेजारी उभा होता, चांगला, निरुपद्रवी. तिकडून नर्मदाकाकी ओरडली. नर्मदाकाकी म्हणजे वाटे करणारी, सत्तरीची, तिच्या नजरेतून बोटभर पेडवासुद्धा सुटायचा नाही. 'अरे पावण्या, बघीत काय रवलस? हात लाव दोराक!' हा धावला! पँट गुडघ्यापर्यंत, गळ्यात गोव्याच्या कंपनीचं ओळखपत्र तसंच, बरोब्बर मधोमध जाऊन दोर धरला आणि माझ्याकडे बघून हसला. मी ओरडणार होतो, अरे तू नको, फ्रेममधून बाहेर हो... पण तांडेलांनी मोजायला सुरुवात केली होती.

एक! मी पहिला काढला. अंधारा. तीन... चार... आणि समुद्राने ओढ घेतली. तुम्हाला सांगतो, बावीस माणसं थांबतात, समुद्र थांबत नाही. दोर सरसर पुढे जायला लागला. कुणी पाय टेकवतोय, कुणी घसरतोय, कुणी कुणाच्या कमरेला धरतोय. मी दुसरा काढला. 'हरी, झाला काय रे?' एक मिनिट आबा! 'हरी, मेल्या, बांगडो चल्लो!' एकच राहिलाय आबा, भगभगीत! आणि जाळ्यापाशी पाणी असं उकळल्यागत झालं, चांदीच चांदी, सगळा बांगडा तळाखालून निघाला आणि चालला खुल्या समुद्राला! मी तिसरा काढला. मग जो काय आरडाओरडा झाला! माणसं पाण्यात धावली, दोर टाकला, पुन्हा धरला, माझ्या आईबापाचा उद्धार झाला, कॉलेजचा झाला, कॅमेऱ्याच्या कंपनीचा झाला... आणि या सगळ्या गोंधळात, वाळूवर एकटा, दोर हातात धरून, हसतोय तसाच हसत, एक मनुष्य उभा. ओठ न हलवता म्हणतो, 'हरीदादा... आता हलू काय?'

मी काय उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

जाळं आलं, त्यात निघालं काय? टोपलीभर मासे. बाकी नुसते खेकडे आणि शेवाळ. पण रिवाज तो रिवाज. नर्मदाकाकीने वाटे घातले, दोराला हात लावलेल्या प्रत्येकाला दोन-दोन बांगडे. साडूला तीन! का? 'पावणो आसा, आणि एकटोच सांगल्यासारखो रवलो.' मी म्हटलं, काकी, माझा? ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'तुझो हात खंय होतो?' म्हटलं, कॅमेऱ्यावर. 'मगे कॅमेऱ्याक सांग वाटो दी म्हणान.' घरी आलो तर साडूने ते तीन बांगडे किशोरीच्या हातात दिले आणि ती काय म्हणाली? 'बघा, भावोजींनी एका दिसात मासे आणल्यानी. तुमी चार वर्सां समुद्रार जातात, काय तां आणलात? फोटो!' जळत नाही मी. नुसतं विचारतो, की ते मासे पळाले कुणाच्या फोटोसाठी?

रात्रीच फोटो बघितले का म्हणता? छे हो, रात्री मला कुठला धीर! दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर लॅपटॉप उघडला, तिन्ही फोटो एकमेकांवर चढवले. तुम्हाला सांगतो, मी खुर्ची मागे सरकवली. आभाळ असं उतरलंय की काय विचारता, पाणी सुरेख, वाळूचा कण न् कण... आणि माणसं? कुणाला तीन डोकी, कुणाला सहा पाय, कुणी अर्धा आहे, कुणी नुसता धूर, कुणाची पाठ इथे आणि हात तिथे. एकवीस माणसांची झाली होती त्रेसष्ट, आरपार दिसणारी, एकमेकांतून गेलेली. आणि मधोमध, सूर्याच्या सोनेरी उजेडात, दातसुद्धा मोजता येतील असा, गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचता येईल असा स्वच्छ, एकच मनुष्य... बरोबर. साडू. तीन फोटो, तिन्हीत केसभर हलला नव्हता तो मेला!

मग मला आठवलं, त्या सॉफ्टवेअरमध्ये भुतं काढायची सोय असते. जे हलतं ते पुसतं, जे स्थिर ते ठेवतं. दाबलं. लॅपटॉप घरघरला, घरघरला... आणि काढली की भुतं! सगळी! एकवीसच्या एकवीस माणसं गेली. हवेत लोंबकळणारा अर्धा दोर राहिला, आणि साडू राहिला. एकटा. आख्खा अरबी समुद्र एका हाताने वाळूवर ओढून आणतोय आणि वर हसतोय! पन्नास वर्षांच्या रापणीचा फोटो, आणि माणूस कोण? दोडामार्गचा! रबरवाला! मी लॅपटॉप असा मिटला की किशोरी आतून विचारते, काय फुटलं?

म्हटलं, आता अब्रू गेलीच आहे, जाऊन माफी मागावी. तो त्रेसष्टवाला मोठा छापून घेतला, कारण दुसरा दाखवण्यापेक्षा मी खाडीत उडी घेतली असती, आणि गेलो शेडवर. तांडेल, नर्मदाकाकी, चार म्हातारे बसले होते. म्हटलं, आबा, फोटो बिघडला. माणसं हलली. पुढच्या रविवारी... तांडेलांनी हात केला, गप. फोटो घेतला, दारात उजेडाकडे धरला. जवळ नेला, लांब धरला. मी म्हटलं, आता मारतात. तर हळूच म्हणाले, 'हरी... इतकी माणसां खंयसून इली रे?' मी म्हटलं, आबा, ती तीच आहेत, तीन-तीन वेळा. त्यांनी ऐकलंच नाही. 'असोच दोर भरलेलो असायचो. माझ्या बापाशीच्या वक्ताक. आता बावीस माणसां जमवची म्हणजे बावीस घरां फिरूक लागतंत. कोण मुंबैक, कोण पावण्यांका होडीत फिरयतत...' तोवर नर्मदाकाकी वाकली, धुरातल्या एका पाठीवर बोट ठेवलं. 'ह्यो माझो घोव. असोच डावो खांदो खाली घालून ओढी.' मी म्हणणार होतो, काकी, तो तुमचा मुलगा आहे, विनीत, पाय घसरला तेव्हाचा... पण ती पदराने डोळे टिपत होती. एक म्हातारा म्हणाला, ह्यो माझो काको. दुसरा म्हणाला, ह्यो तो वादळात गेलेलो. ओळखायला लागले हो एकेकाला! आणि खोटं कशाला सांगू, मीही हळूच बघितलं. माझे बाबा रापणीला जायचे. मधोमध, जरा मागे एक धुरकट मान होती, तिरकी, अगदी तशीच. मी पुढे वाकलो. आणि त्या मानेच्या बरोब्बर पुढे, माझ्या बापाला झाकून, कोण उभा? तुम्हीच सांगा! कोण?

पण फोटो लागला! ऐकलंत का? लागला! चार बाय सहा, शेडमध्ये, खाली नाव, छायाचित्र : हरिश्चंद्र चोपडेकर, पेंटरकडून, लाल अक्षरात. किशोरीने सगळ्यांना आणलं, सासूबाई, प्राजक्ता, साडू, आख्खी वरात. मी इस्त्रीचा शर्ट घालून फोटोच्या बाजूला उभा. आली ती घटका, म्हटलं. आणि तांडेलांनी पडदा ओढला.

तुम्हाला सांगतो, हार होता. झेंडूचा, गच्च, ढोपराएवढा जाड. रिवाजाने! फोटोत सगळी गेलेली माणसं दिसतात ना, मग हार नको? नर्मदाकाकीने सकाळीच घातला होता, आणि हाराचं पोट बरोब्बर माझ्या नावावर. छायाचित्र पण झाकलं, हरिश्चंद्र पण झाकलं, शेवटचा 'कर' तेवढा बाहेर. आणि हाराच्या मधोमध, झेंडूच्या चौकटीत, हसऱ्या तोंडाने... साडू. एक क्षण, फक्त एक क्षण, मला फार बरं वाटलं. मग प्राजक्ता किंचाळली. 'जित्या माणसाच्या फोटोक हार कोणी घातल्यान? माझ्या घोवाक हार?' सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. साडू बिचारा, 'काय नाय गो, बरो दिसता हार,' म्हणत होता, पण ती ऐकते कुठे! रडारड, काढा हार, काढा! काकी म्हणे, हार काढूचो नाय, माझो घोव आसा थंय! माझ्या नावाकडे कुणी बघतंय का? मी हळूच हार वर सरकवायला गेलो, तर किशोरी ओरडली, 'तुमी गप रवा, तुमच्या फोटोनच झाला ह्या सगळा!' तिने सांगितलं हो सगळ्यांना, ह्यांनी काढला म्हणून. असं सांगितलं!

शेवटी तांडेलांनी तोडगा काढला. म्हणाले, 'मेलेल्या माणसाक वाटो नसता. वाटो गावता तो जितो. आजपासून दर रापणीक जितेंद्राचो वाटो काढूचो. हार तेंका, वाटो हेका.' सगळ्यांना पटलं. टाळ्या वाजल्या! प्राजक्ताचे डोळे पुसले गेले, काकीचा हार राहिला, साडूला देवबागच्या रापणीत कायमचा वाटा मिळाला, दोडामार्गात बसून! आणि ज्याने तो फोटो काढला... जळत नाही म्हणून सांगितलं ना मघाशी? किती वेळा सांगू?

आता प्रश्न आला, वाटा दोडामार्गला कसा पोचवणार? बांगडा आहे तो, पत्र नाही. म्हणून तो येतो आमच्या घरी. दर रापणीला, संध्याकाळी, नर्मदाकाकी स्वतः पडवीत टोपली ठेवते आणि मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगते, 'जितेंद्राचो वाटो गो किशोरी!' किशोरी साडूला फोन करते. तो म्हणतो, 'तुमीच खावा वयनी, हरीदादाक घाला, त्यांका आवडतत.' परवानगी देतो! मला! माझ्या घरात!

काल पण आले. चार बांगडे, ताजे, डोळे चमकतायत. तिने तिखलं, म्हणजे आमचं दाट झणझणीत कालवण केलं, तिरफळं घालून. ताटात वाढलं आणि समोर बसून विचारलं, 'कसा झाला?' मी म्हटलं, मीठ कमी आहे.

नव्हतं हो. काहीतरी म्हणायला नको का माणसाने? मग ताट पुढे सरकवलं आणि म्हटलं, वाढ अजून एक.